आत्याबाईंच्या पाच माळा

मागच्या महिन्यात माझ्या भाचीच्या नवऱ्याचं हृदय उगाचच धडधडायला लागलं. त्याला नागपूरला नेलं. मांडीच्या शिरेतून एक बारीक तार आत सरकवली, ही चुकार धडधड जिथून निघते ती जागा शोधून जाळून टाकली, आणि तिसऱ्या दिवशी गडी घरी येऊन भजी मागत होता. भाची फोनवर म्हणाली, "आत्या, तुमाले नाई समजणार, पण तार थेट हृदयात जाते."

मला रागच आला. मला नाही समजणार? हृदयात तार असलेलं माणूस माझ्या घरात तीन वर्षं वावरलं, माझ्याशी भांडलं, माझ्या हातचं जेवून त्याला नावं ठेवली. तेव्हा भाचीचा जन्मही झाला नव्हता.

ते माणूस म्हणजे माझी सासू, हीराबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आम्ही कारंजा लाडचे जैन, घरात धान्याचा व्यापार. माझं माहेर शेलूबाजार, आणि ही गोष्ट आत्याबाईंनी मला एक दिवस विसरू दिली नाही. विजयमाला असं चांगलं नाव असताना त्या मला 'शेलूवाली' म्हणायच्या. वरण पातळ झालं तर शेलूबाजारात पाणी फार, घट्ट झालं तर शेलूबाजारात पाण्याचा दुष्काळ. लग्नाला बारा वर्षं झाली तरी हे चालूच होतं.

पण सामायिकाला बसल्या की त्या वेगळ्याच व्हायच्या. सामायिक म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं, न हलता न बोलता मन एका जागी ठेवून बसायचं. आत्याबाई रोज सकाळी मंदिराच्या सभामंडपात बसत आणि णमोकार मंत्राच्या पाच माळा ओढत. पाच माळा संपल्या की अठ्ठेचाळीस मिनिटं झाली. भिंतीवर घड्याळ होतं, पण बायका तिकडे पाहत नसत. हीराबाई उठल्या की उठायचं, असा रिवाजच पडला होता.

मी मात्र घड्याळ पाहायची. वडिलांनी लग्नात मला मनगटी घड्याळ दिलं होतं. आत्याबाई म्हणत, "हिले भाकर थापाले बी घड्याळ लागते." म्हणून मी त्यांच्या मागे बसून रोज वेळ लावायची. भक्ती कसली, एकदा तरी त्यांना चुकताना पकडायचं होतं. आता सांगायला लाज नाही. पण बाई चुकायची नाही. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, फार तर एकोणपन्नास.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा एक्कावन्न मिनिटं झाली. मला मनातून आनंद झाला. मग चोपन्न झाली. आषाढात एकदा पुरता तास झाला आणि बायकांच्या भाकरी उशिरा पडल्या. पण कुणी कुरकुर केली नाही. आमच्या समोरच्या घरातल्या तारामतीबाई म्हणाल्या, "हीराबाईचं ध्यान लागून राह्यलं आता. त्याइले वेळेचं भान राह्यत नाई." हे बोलणं दोन दिवसांत गावभर झालं.

एके दिवशी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. चौथ्या माळेत त्यांची बोटं थांबली. मान पुढे आली. चेहरा पांढराफटक पडला, ओठ निळे दिसायला लागले. मी घाबरून त्यांचं मनगट धरलं. नाडी लागेना. घड्याळाचा सेकंदाचा काटा पुढे जात होता, पाच, सात, नऊ, आणि माझ्या बोटांखाली काहीच नव्हतं. मग एकदम त्यांचा हात थरथरला, त्यांनी जोरात श्वास ओढला आणि चेहरा लालबुंद झाला. डोळे उघडले तेव्हा त्या जरा बावरलेल्या दिसल्या.

"पाहा वं, कसं तेज चढलं!" तारामतीबाई म्हणाल्या आणि पाया पडल्या. त्यांचं पाहून बाकीच्या बायकाही पडल्या.

मला कळलं होतं. ध्यानात नाडी थांबत नाही, एवढं कळायला शेलूबाजारची सातवी पुरते. पण मी गप्प बसले. का बसले, ते खरं सांगते. एक तर माझं कुणी ऐकलं नसतं. सासूचा मान सुनेला पाहवत नाही, असंच सगळे म्हणाले असते. पण दुसरं कारण मोठं होतं. लोक पाया पडायला लागल्यापासून आत्याबाई निवल्या होत्या. घरात कुणी ना कुणी श्रीफळ घेऊन यायचं, त्या शांत बसून आशीर्वाद द्यायच्या. माझ्या वरणाकडे लक्षच नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी सुखानं स्वयंपाक करत होते. ते सुख मला हवं होतं. त्यासाठी मी एका माणसाची नाडी थांबताना दोन महिने पाहत राहिले.

भाद्रपदात दशलक्षण आलं. आमचे हे दहा दिवस म्हणजे उपास, पूजा, प्रवचन. त्या वर्षी आत्याबाईंना पाहायला धनजहूनसुद्धा बायका आल्या होत्या. दहाव्या दिवशी एकाच सामायिकात त्यांची मान दोनदा पडली. दुसऱ्या वेळी काटा चौदा घरं पुढे गेला. मला वाटलं, संपलं.

त्यानंतर क्षमावाणीचा दिवस. त्या दिवशी आमच्यात लहानमोठा प्रत्येकजण दुसऱ्याची क्षमा मागतो. वर्षभरात मनानं, वाचेनं, कायेनं काही चुकलं असेल तर क्षमा करा, असं म्हणायचं आणि समोरच्यानं क्षमा करून स्वतःही मागायची. नाही म्हणायची पद्धतच नाही. मीही दर वर्षी तेवढंच म्हणून मोकळी व्हायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वेळ लावायला बसायची.

त्या वर्षी मंदिरात त्यांच्यासमोर हात जोडले आणि ठरलेले शब्द तोंडातून निघेचनात. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमचं ध्यान लागत नाई. तुमची शुद्ध जाते. नाडी थांबते. मले दोन महिन्यापासून माहीत हाय, अन् मी बोलली नाई. मले क्षमा करा."

 त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वर्षभराचं बाकी सगळं माफ केलं. हे नाई करत."

बाजूला तारामतीबाई होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. क्षमावाणीला क्षमा नाकारलेली त्यांनीही कधी ऐकली नव्हती. मी घरी येऊन चुलीपुढे बसले आणि खूप रडले. रडून झाल्यावर आमच्या ह्यांना, म्हणजे सुगनचंदांना, सगळं सांगितलं. ते चप्पल घालून थेट डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर देवमन राठोड आमच्याच गल्लीच्या तोंडाशी दवाखाना चालवत. बंजारा तांड्यावरून शिकून आलेला माणूस, अतिशय सरळ. आत्याबाई तपासून घेणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. ते येऊन समोर बसले आणि म्हणाले, "मावशी, तुमची माळ लय ऐकून राह्यलो. एक मायासमोर ओढा. मी फक्त हात धरतो."

आत्याबाईंनी माळ घेतली. डॉक्टरांनी मनगट धरून मोजलं. एका मिनिटात तीस ठोके. मग म्हणाले, "वरच्या कप्प्यातून हुकूम निघते, मावशी, का हाल. तो खाली पोचतच नाई. मंग खालचा कप्पा आपल्या सवडीनं हालते. कवा कवा हालतच नाई. तवा तुमाले घेरी येते."

"इलाज?" ह्यांनी विचारलं.

"मुंबईले हाय. खांद्याजवळच्या शिरेतून तार हृदयात नेतात अन् कातडीखाली ब्याटरीचा डबा बसवतात. तो डबा हुकूम देते. नाई केलं, तर एखाद्या घेरीतून त्या परत येणार नाईत."

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं एवढंच, "तार घातल्यावर पाच माळेले किती वेळ लागन?"

"आधी लागे तेवढाच."

"मंग चाला. या शेलूवालीच्या घड्याळासमोर बसून दाखवते, कोणाचं ध्यान खोटं हाय ते."

मरणाच्या भीतीनं नव्हे, माझ्यावरच्या रागानं त्या मुंबईला निघाल्या. मूर्तिजापूरपर्यंत आमची छोटी आगगाडी, तिथून मोठी. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या. वाटेत तीनदा मान पडली. तिन्ही वेळा मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिन्ही वेळा शुद्धीवर येताच त्या सरकून बसल्या.

मुंबईत मोठ्या सरकारी इस्पितळात जागा मिळाली. तिथलं पाणीही त्या घेईनात. मी धर्मशाळेत स्टोव्हवर स्वयंपाक करायची, पाणी गाळून उकळायची आणि दिवस मावळायच्या आत डबा घेऊन धावत जायची. त्या जेवायच्या, पण माझ्याशी बोलायच्या नाहीत. वरणाला नावं ठेवायच्या नाहीत, हे मला जास्त लागायचं.

तार घालायच्या दिवशी तिथला तरुण डॉक्टर त्यांना समजावत होता. "आजी, भूल फक्त खांद्यापुरती देणार. तुम्ही जाग्या असाल. मात्र अजिबात हलायचं नाही."

"किती वेळ?"

"पाऊण तास, एक तास."

"बसून का झोपून?"

"झोपून."

"झोपून तं अजून सोपं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना माळ आत नेऊ दिली नाही. त्या बोटांच्या पेरांवर मोजत आत गेल्या.

मी बाहेर बाकावर घड्याळ धरून बसले. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली, दार उघडलं नाही. आमचे हे भिंतीला टेकून उभे होते. एक तास झाला. माझ्या मनात आलं, ह्या बाईनं मला क्षमा न करताच जायचं ठरवलंय. एक तास चार मिनिटांनी तो डॉक्टर बाहेर आला आणि हसला.

"तुमच्या आजी काय करतात हो? तारेचं टोक खालच्या कप्प्यात नेऊन टेकवायचं असतं. पेशंट जरा हलला की ते निसटतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ह्यांचा स्वतःचा ठोका दोनदा गडबडला, तरी ह्या हलल्या नाहीत. फक्त ओठ हलत होते. असं पडून राहिलेलं माणूस मी पाहिलं नाही."

मी तिथेच रडायला लागले. ध्यान खरं होतं. वीस वर्षांचं, रोजचं, सगळं खरं होतं. खोटे होते ते मधले नऊ आणि चौदा सेकंद, आणि त्यांचीच पूजा झाली होती.

वॉर्डात गेले तर त्या टक्क जाग्या. "सहा पुऱ्या झाल्या," म्हणाल्या, "सातवीचे सत्तर." मी मनात हिशेब केला. चौसष्ट मिनिटांना बरोबर बसत होता. "आज एक बी मणी हरवला नाई," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शेलूवाली, मले बी माहीत होतं."

"काय?"

"घेरी येते ते. मणी हरवे तवा समजे. कोठी होती मी, आठवेच ना, माळ पयल्यापासून धरा लागे. पण डोये उघडले का बाया पाया पडून राह्यल्या. मंग कायले सांगू मी?"

 मी म्हटलं, "मंग आता तरी मले क्षमा करा."

"क्षमावाणीले पाहू," त्यांनी डोळे मिटले.

कारंज्याला आलो आणि नवीनच काम मागे लागलं. डब्यातली बॅटरी दोन-तीन वर्षंच पुरते, ती उतरली की ठोके कमी होतात. ते तपासायची युक्ती मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिली होती. ट्रान्झिस्टर घ्यायचा, काटा दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर ठेवायचा आणि तो डब्याजवळ धरायचा. खरखरीत टक, टक, टक असा आवाज येतो, तो घड्याळ लावून मोजायचा. सत्तर भरले की ठीक.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघी ओसरीवर बसायचो. मी रेडिओ त्यांच्या छातीशी धरायची, दुसऱ्या हातात माझं घड्याळ. ज्याला त्या नावं ठेवायच्या, तेच. त्या म्हणायच्या, "आलं पाह मायं भाषण रेडिओवर." तारामतीबाई ऐकायला यायच्या. सामायिकही पुन्हा अठ्ठेचाळीस मिनिटांवर आलं आणि वरणाला पुन्हा नावं ठेवणं सुरू झालं. मला इतकं बरं वाटलं की एकदा मी मुद्दाम पातळ केलं.

शहात्तर सालच्या क्षमावाणीला मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "बाकी माफ. ते पुढच्या वर्षी." सत्याहत्तरला पुन्हा तेच. मी चिडून म्हटलं, "सगळ्या गावाले क्षमा करता, मले एकटीलेच काहून नाई?"

"सगळ्या गावानं कोठी मले असं तोंडावर सांगतलं?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

अठ्ठ्याहत्तरच्या ज्येष्ठात एका रविवारी सदुसष्ट भरले. पुढच्या रविवारी पासष्ट.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सत्तर."

"खोटं नको बोलू. मले बी मोजता येते." त्या सरसावून बसल्या. "मुंबई एकदा झाली तेवढी पुरे. आता कोठी जात नाई मी. बस अथी, शेलूवाली. केली तुले क्षमा."

तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं. पण त्या निघायची तयारी करत होत्या. मी रेडिओ खटकन बंद केला. "मले नको," मी म्हटलं. "क्षमावाणीले तीन महिने हायत. तवा द्या. आज नाई घेत मी."

"मोठी आली न घेणारी!"

"तुमी नाई दिली तवा मी काय केलं? तुमी बी थांबा आता."

त्या हसल्या. मनापासून हसलेलं मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं, त्यातलं ते एक. आठ दिवसांनी आम्ही मुंबईच्या गाडीत होतो. तार तीच राहिली, डबा नवा बसला. ह्या खेपेला गाडीत त्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या.

त्या वर्षीची क्षमावाणी मला काल झाल्यासारखी आठवते. सभामंडप भरला होता. मी हात जोडायच्या आतच आत्याबाई उभ्या राहिल्या आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "बायांनो, मले क्षमा करा. तीन वर्षामांगं तुमी माया पाया पडल्या. मायं ध्यान लागत नव्हतं, मले घेरी येत होती. मले ठाऊक होतं अन् मी पाया पडू देल्लं. माया सुनेनं मले तोंडावर सांगतलं म्हणून आज मी उभी हाय."

 तारामतीबाईंनी पदरानं डोळे पुसले. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "माग आता, विजयमाला."

मी मागितली. त्यांनी माझे जोडलेले हात दोन्ही हातांत धरले आणि म्हणाल्या, "केली."

पौषात एका सकाळी त्या चहाला उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या होत्या. हृदयच थकलं होतं, त्याला डब्याचा हुकूम तरी किती पुरणार? डॉक्टर राठोड आले. चितेवर ठेवण्याआधी डबा काढावा लागतो, नाहीतर तो अग्नीत फुटतो, म्हणून हत्यारं घेऊन आले होते. तो रविवार होता. माझ्या हाताला सवय होती. मी ट्रान्झिस्टर आणला, खरखरीवर काटा नेला आणि त्यांच्या छातीशी धरला.

टक, टक, टक.

"चालू हाय वं!" तारामतीबाई ओरडल्या. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. हृदय थांबलं होतं, नवा डबा मात्र आपलं काम करत होता. मी घड्याळ लावलं. सत्तर भरले.

"वहिनी," डॉक्टर हळूच म्हणाले, "बंद करा आता. मले डबा काढाचा हाय."

मी आत्याबाईंच्या उशाखालची माळ काढली आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"डॉक्टर," मी म्हटलं, "पाच माळा होऊ द्या."